काळा विनोद : अर्थ आणि वाङ्मयीन उपयोग (झाशीच्या लुटीपासून 'महानिर्वाण'पर्यंत)

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, 'काळा विनोद' ही संज्ञा अभ्यासक्रमात आली ती अलीकडे. मराठी माणूस मात्र ही संज्ञा ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून असा विनोद करत आला आहे. 'मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे' हा वाक्प्रचार तुम्ही शंभरदा ऐकला असेल. एकदा थांबून त्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. समोर प्रेत आहे, अंत्यविधी चालला आहे आणि कोणीतरी प्रेताच्या डोक्यावरचे लोणी बोटाने काढून खातो आहे. चित्र किळसवाणे आहे, तरी ऐकणारा हसतो. 'मेल्या म्हशीला मणभर दूध' ही म्हण घ्या. मेलेल्याची स्तुती करताना माप कसे वाढत जाते, हे ती सांगते. 'म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो' या म्हणीत तर साक्षात मृत्यूला दुधाची चटक लागलेल्या मांजरासारखे वागवले आहे.

या तिन्ही ठिकाणी मृत्यू आहे आणि हसूही आहे. पण आपण मेलेल्याला हसत नाही. हसू येते ते जिवंत माणसांच्या हव्यासाला, खोटेपणाला आणि हतबलतेला. आजच्या पाठात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत : काळा विनोद म्हणजे नेमके काय, तो घडतो कसा, आणि साहित्यात त्याचे काम काय. दाखल्यांसाठी आपण आधी झाशीला जाऊ, मग फाळणीच्या काळातल्या एका उर्दू लेखकाकडे आणि शेवटी पुण्याच्या रंगभूमीकडे.

२. संज्ञेचा अर्थ

ही संज्ञा वाङ्मयचर्चेत रूढ करण्याचे श्रेय फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ याला दिले जाते. त्याने 'काळ्या विनोदाचा संग्रह' या अर्थाच्या नावाने एक संकलन केले. ते १९४० मध्ये छापून तयार झाले, पण तेव्हाच्या व्हिशी राजवटीच्या निर्बंधांमुळे अडकले आणि युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये वाचकांपर्यंत पोहोचले. या संकलनाचा आरंभ ब्रेताँने जोनाथन स्विफ्टपासून केला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ हेलरची 'कॅच-२२' (१९६१) आणि स्टॅन्ली क्युब्रिकचा 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' (१९६४) अशा कलाकृती आल्या आणि ही संज्ञा सर्वतोमुखी झाली.

व्याख्या सोप्या शब्दांत अशी करता येईल : ज्या गोष्टींवर हसायचे नाही असे समाजाने ठरवलेले असते, म्हणजे मृत्यू, कत्तल, रोगराई, उपासमार, अत्याचार, त्या गोष्टी हास्याच्या रीतीने मांडणे आणि तसे करताना त्यांची भीषणता कमी न करणे, म्हणजे काळा विनोद. व्याख्येचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. भीषणता पुसून टाकली तर उरतो तो साधा विनोद. हास्य काढून टाकले तर उरते शोकांतिका. दोन्ही एकाच वेळी असावी लागतात.

सिग्मंड फ्रॉइडने १९२७ च्या आपल्या विनोदावरील निबंधात एका कैद्याचा किस्सा दिला आहे. कैद्याला सोमवारी फाशीच्या तख्ताकडे नेत असतात आणि तो म्हणतो की आठवड्याची सुरुवात तर झकास झाली. फ्रॉइडचे म्हणणे असे की, येथे मन परिस्थितीपुढे शरण जाण्यास नकार देते. फाशी टळत नाही, पण फाशीने आपल्याला किती हलवावे हे ठरवण्याचा हक्क कैदी स्वतःकडे ठेवतो. हा विनोद स्वतःच्या मरणावर आहे. दुसऱ्याच्या मरणावर केलेल्या विनोदाला हाच न्याय लागू होतो का, हा प्रश्न मनात ठेवा. पाठाच्या शेवटी त्याकडे वळायचे आहे.

३. रसशास्त्राच्या चौकटीत

आपल्याकडील काव्यशास्त्राने हा प्रकार कसा पाहिला असता? भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक वर्ण, म्हणजे रंग, दिला आहे. हास्याचा रंग शुभ्र आहे, करुणाचा कपोत म्हणजे पारव्यासारखा आणि भयानकाचा काळा. म्हणजे रसशास्त्राच्या भाषेत 'काळा विनोद' हे शब्दच एकमेकांशी भांडतात. पांढऱ्या रसाला भयानकाचा रंग दिला गेला आहे.

विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात रसांच्या परस्परविरोधाची चर्चा आहे. तेथे हास्याचे विरोधी रस म्हणून भयानक आणि करुण यांचा उल्लेख येतो. विरोधी रस एकत्र आले की रसभंग होतो, अशी परंपरेची साधारण भूमिका आहे. काळा विनोद नेमका हाच रसभंग हेतुपूर्वक घडवून आणतो. प्रेक्षक हसायला लागतो तेव्हा त्याला प्रेत दिसते, आणि रडायला लागतो तेव्हा प्रेत काहीतरी बोलते. एका रसात निवांत बुडून जाण्याची सोय त्याला मिळत नाही. परंपरेने ज्याला दोष मानले, त्याचेच आधुनिक साहित्याने साधन केले. परीक्षेत या मुद्द्यावर लिहिताना 'भारतीय काव्यशास्त्रात काळा विनोद नाही' असे मोघम विधान करू नका. काव्यशास्त्राला ही शक्यता दिसली होती आणि त्याने ती टाळण्यास सांगितले होते, असे लिहिणे अधिक बरोबर ठरेल.

४. काळा विनोद घडतो कसा : हिशेबाची भाषा

१७२९ मध्ये स्विफ्टने 'एक नम्र प्रस्ताव' या अर्थाच्या नावाची पुस्तिका प्रसिद्ध केली. आयर्लंडमध्ये दारिद्र्य आणि उपासमार होती. गरिबांची मुले वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटात वाढावीत, म्हणजे आईबापांचा भार हलका होईल आणि देशाचे उत्पन्न वाढेल, असा तो प्रस्ताव. स्विफ्ट कोठेही आवाज चढवत नाही. तो मुलांची संख्या मांडतो, खर्च काढतो, नफा दाखवतो. वाचक हादरतो तो सूचनेतल्या क्रौर्यामुळे आणि तितकाच हिशेबाच्या नीटनेटकेपणामुळे.

ही काळ्या विनोदाची मुख्य युक्ती आहे : मृत्यूची गोष्ट रोजच्या व्यवहाराच्या भाषेत सांगायची. दुकानदार, कारकून, भटजी, शेजारी ज्या सुरात बोलतात त्याच सुरात कत्तल सांगायची. विषय आणि सूर यांच्यातली दरी जितकी रुंद, तितके हसू काळे. ही खूण हाती धरून आता प्रत्यक्ष संहितांकडे वळू.

५. दाखला पहिला : मानिक चौकाचे शहर आणि विष्णुभट गोडसे

झाशीच्या जुन्या शहरात मानिक चौक नावाची बाजारपेठ आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले, तटबंदीचे वेस-दरवाजे असलेले हे शहर नेवाळकरांच्या काळात मराठी राज्याचे ठिकाण होते आणि तेथे बरीच मराठी घरे होती. देशभरच्या विद्यार्थ्यांना झाशी माहीत असते ती वीररसातून. सुभद्राकुमारी चौहान यांची कविता शाळेत भेटते, पुढे वृंदावनलाल वर्मांची राणीवरची कादंबरी भेटते. पण १८५८ ची झाशी आतून पाहिलेल्या एका मराठी माणसाने जे लिहिले त्याचा सूर वेगळाच आहे.

हा माणूस म्हणजे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज, व्यवसाय भिक्षुकीचा. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि भरघोस दक्षिणा वाटणार, अशी वार्ता कोकणात आली. विष्णुभट आपल्या काकांबरोबर १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. निघाले दक्षिणेसाठी आणि सापडले बंडात. फिरत फिरत ते झाशीला पोहोचले, राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला राहिले आणि सर ह्यू रोजच्या फौजेने शहराला वेढा घातला तेव्हा आतच होते. ३ एप्रिल १८५८ ला इंग्रजी फौज शहरात शिरली. पुढचे कित्येक दिवस कत्तल, आग आणि लूट चालू होती. विष्णुभट लपून राहिले, वाचले, नागवले गेले आणि अनेक हालअपेष्टांनंतर घरी परतले. परतताना त्यांच्याजवळ धन फारसे नव्हते; गंगोदकाची कावड होती.

ही हकीगत त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढली. आपल्या हयातीत ती छापू नये, अशी त्यांची अट होती. चिंतामणराव वैद्य यांनी ती संपादित करून १९०७ मध्ये 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये काढली. सुराचा अभ्यास करायचा असेल तर हा फरक विसरून चालत नाही. संपादकाने वाक्य घासूनपुसून घेतले की त्यातला मूळ माणसाचा आवाज बदलतो. काळा विनोद तर सगळा आवाजातच असतो. म्हणून कोणती आवृत्ती वाचली हे उत्तरात नोंदवण्याची सवय ठेवा.

*५.१ लुटीची यादी*

झाशीच्या लुटीचे विष्णुभटांनी केलेले वर्णन नीट वाचा. लूट बेबंद गर्दीसारखी होत नाही. ती क्रमाने होते. निरनिराळ्या पलटणी, निरनिराळ्या जिनसा. सोन्यारुप्यापासून सुरुवात, मग भांडीकुंडी, कापडचोपड, धान्य असे करत शहर रिकामे होत जाते. वाचताना एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ही यादी बाजाराची यादी आहे. सराफ, तांबट, कापडवाला, धान्याचा अडत्या. मानिक चौकासारख्या पेठेत माणूस ज्या क्रमाने दुकाने पाहत जाईल, तसाच हा क्रम आहे. फरक इतकाच की यातला कोणी पैसे देत नाही आणि दुकानदार जिवंत असेलच असे नाही. बाजार उलटा फिरवला की लूट होते.

येथे हसू येते का? येते, पण अगदी ओझरते आणि लगेच लाज वाटते. नाशालाही शिस्त असते, कत्तलीलाही पाळ्या लावलेल्या असतात, हे पाहून ते आलेले असते. स्विफ्टच्या हिशेबाशी याचे नाते उघड आहे.

*५.२ पण हा काळा विनोद आहे का?*

येथे टीकाकाराने सावध राहायला हवे. स्विफ्टने हिशेब रचला. विष्णुभटांनी पाहिले ते सांगितले. वेदविद्या पढलेल्या, दानदक्षिणेवर पोट असलेल्या माणसाला वस्तू, माप आणि मोल यांची नजर असणे स्वाभाविक होते. त्यांच्या सुरातला व्यवहारीपणा ही युक्ती नव्हती, ती त्यांची रीत होती. म्हणून 'माझा प्रवास' ही काळ्या विनोदाची कृती आहे असे म्हणणे चूक ठरेल. काळ्या विनोदाचा सगळा कच्चा माल तिच्यात आहे : दक्षिणेसाठी निघून बंडात सापडण्याचा दैवाचा खेळ, वेढा पडलेल्या शहरात चाललेली अनुष्ठाने, जमवलेले धन हातचे जाणे. मात्र परिस्थितीतला काळा विनोद वेगळा आणि लेखनातला काळा विनोद वेगळा. पहिला जगात घडतो, दुसरा लेखक निवडतो. आपण वाचक म्हणून पहिल्याला हसलो, तर त्या हसण्याची जबाबदारी लेखकावर ढकलता येत नाही.

*५.३ बांगड्यांचा किस्सा*

त्याच पुस्तकात एक प्रसंग मात्र असा आहे की जेथे काळा विनोद हेतुपूर्वक केलेला दिसतो. तो लेखकाने केलेला नाही. कथेतल्या एका व्यक्तीने केलेला आहे. राणीचे पती गंगाधरराव यांच्याविषयी विष्णुभटांनी ऐकीव गोष्टी नोंदवल्या आहेत. गंगाधरराव कधी कधी स्त्रीवेष करीत, बांगड्या भरीत, अशी ती गोष्ट. इंग्रज अधिकाऱ्याने याचे कारण विचारले, तेव्हा त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : तुम्ही दुरून येऊन इथल्या साऱ्या राजेरजवाड्यांना बांगड्या भरल्यात, मग माझ्यासारख्या लहान राजाने त्या घातल्या तर नवल कसले?

ही गोष्ट खरी घडली की लोकांनी रचली, हे इतिहासकार पाहतील. आपल्याला तिची रचना पाहायची आहे. बोलणारा पराभूत आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. तो पराभव नाकारत नाही, अंगावर दागिन्यासारखा घालून मिरवतो. हे फाशीच्या वाटेवरच्या कैद्याच्या जवळ जाणारे बोलणे आहे. आणि वाचकाला पुढचे माहीत असते : गंगाधरराव १८५३ मध्ये वारले, डलहौसीच्या धोरणानुसार दत्तक नामंजूर झाला आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. किस्सा सांगितला जातो तेव्हा हसू येते, आणि पुढचे पान आठवले की तेच हसू काळवंडते.

आणखी एक गोष्ट तपासून घ्या. या विनोदाचा सारा भार 'बांगड्या म्हणजे नामर्दपणा' या समजुतीवर आहे. काही वर्षांतच त्याच राज्याची लढाई एका बाईने लढवली. म्हणजे इंग्रजांना टोचणारा हा किस्सा ज्या समजुतीच्या आधारावर उभा आहे, ती समजूत झाशीच्या इतिहासानेच खोटी पाडली. विनोद धारदार असला तरी तो आपल्या काळाचे पूर्वग्रह बाळगून असतो. टीकाकाराने दोन्ही सांगितले पाहिजे.

६. दाखला दुसरा : मंटोच्या साखरेच्या गोण्या

लुटीवरच, पण पूर्ण जाणीवपूर्वक रचलेला काळा विनोद पाहायचा असेल तर सआदत हसन मंटोकडे जावे लागते. फाळणीच्या दंगलींवर त्याने 'सियाह हाशिये' हे पुस्तक १९४८ मध्ये लिहिले. नावाचा अर्थच 'काळे समास'. त्यातल्या काही कथा अवघ्या चार-पाच ओळींच्या आहेत.

'करामात' नावाच्या कथेचा आशय असा. लुटीचा माल शोधायला पोलीस छापे घालू लागतात. लोक घाबरून माल रात्री बाहेर फेकतात. एका माणसाजवळ साखरेच्या दोन गोण्या असतात. पहिली तो विहिरीत टाकतो, दुसरी टाकताना स्वतःच आत पडतो. लोक त्याला बाहेर काढतात, पण तो मरतो. दुसऱ्या दिवशी विहिरीचे पाणी गोड लागते आणि त्या रात्री त्या माणसाच्या कबरीवर दिवे लागतात.

आता हीच गोष्ट विष्णुभटांच्या लुटीशेजारी ठेवून पाहा. मंटो काय निवडतो? त्याने हजारोंची कत्तल बाजूला ठेवली आणि दोन गोण्या घेतल्या. मृताविषयी हळहळीचा एक शब्द नाही, निंदेचाही नाही. पाणी गोड का लागले हे वाचकाला ठाऊक आहे, लोकांना ते ठाऊक नाही किंवा ठाऊक करून घ्यायचे नाही. चोर एका रात्रीत संत होतो. या हसण्याच्या तळाशी असे कळते की माणसे मरण पाहून शहाणी होत नाहीत, चमत्कार मात्र ताबडतोब शोधतात. विष्णुभटांकडे जे सहज आले, ते मंटोने कोरून काढले आहे. लेखकाची निवड म्हणतात ती ही.

७. दाखला तिसरा : 'महानिर्वाण'

मराठीत काळ्या विनोदाचे नाव काढले की सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' (१९७४) आठवते, आणि ते योग्यच आहे. भाऊराव नावाचा चाळीतला गृहस्थ मरतो. मेल्यावर तो उठून कीर्तन करू लागतो, आणि आख्यान लावतो ते स्वतःच्याच मरणाचे. त्याचा हट्ट एकच : मला जुन्याच स्मशानात जाळा. ते स्मशान तर बंद झालेले. घरात बायको रमा, मुलगा नाना आणि भोवती चाळकरी. प्रेत घरात, आणि घरचे-दारचे आपापल्या अडचणींत.

या नाटकाचे विश्लेषण करताना तीन गोष्टी मांडा.

पहिली, रूप. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात, निरूपण असते, संतांचे किंवा देवादिकांचे आख्यान असते. श्रोत्यांना त्या रूपाकडून उपदेश आणि सांत्वन यांची अपेक्षा असते. आळेकर तेच रूप घेतात आणि आख्यानाच्या जागी चाळीतले एक सामान्य मरण ठेवतात. 'महानिर्वाण' हा थोरांसाठी वापरायचा भारदस्त शब्दही असाच ठेवला आहे. भांडे देवघरातले, आत वस्तू भलतीच.

दुसरी, व्यवहार. मृत्यूनंतर घरात शोकापेक्षा व्यवस्थाच अधिक असते. तिरडी कोण बांधणार, खांदा कोण देणार, कोठे न्यायचे, कोणाला कळवायचे. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्या प्रत्येकाला हे माहीत असते आणि कोणी ते उघड बोलत नाही. नाटक ते बोलते. विधवा झालेल्या रमेचे मन खांदेकऱ्यांपैकी एकाकडे ओढले जाते, हा भाग प्रेक्षकाला सर्वात अस्वस्थ करतो. पण विचार करा : अस्वस्थता तिच्या मनात ओढ आहे म्हणून येते, की बाईला नवऱ्याच्या मरणादिवशी स्वतःचे मन असूच शकत नाही असे आपण धरून चाललो होतो म्हणून?

तिसरी, लक्ष्य. या नाटकात कोणी खलनायक नाही. याच सुमाराच्या विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) शी तुलना करा. तेथेही क्रौर्य नाचगाण्यांसह येते, आणि बाप मुलीच्या मोबदल्यात कोतवाली घेतो म्हणजे हिशेबाची भाषा तेथेही आहे. गंमत अशी की घाशीरामही दक्षिणेच्या आशेने परमुलखात आलेला ब्राह्मण आहे. तो उत्तरेतून पुण्याला आला, विष्णुभट कोकणातून उत्तरेला गेले. पण 'घाशीराम'मध्ये बोट दाखवता येते : सत्ता, तिचे भोग आणि तिने वापरून फेकलेली माणसे. म्हणून ते नाटक उपहासाकडे अधिक झुकते. 'महानिर्वाण'मध्ये बोट दाखवायला मृत्यूखेरीज कोणी नाही, आणि मृत्यूला सुधारता येत नाही.

८. जवळच्या संज्ञांपासून वेगळेपण

विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा येथे होतो, म्हणून थोडक्यात भेद पाहू.

*उपहास* : याला सुधारणेचा हेतू असतो. दोष दाखवला की तो जाईल, अशी आशा त्यात असते. शुद्ध काळ्या विनोदात ही आशा क्षीण असते. स्विफ्टमध्ये दोन्ही एकत्र नांदतात.

*उपरोध* : ही बोलण्याची रीत आहे. म्हणायचे एक आणि सुचवायचे उलट. काळा विनोद उपरोध वापरतो, पण प्रत्येक उपरोध काळा नसतो.

*विडंबन* : यात एखाद्या रूपाची किंवा कृतीची थट्टेने नक्कल असते. 'महानिर्वाण' कीर्तनाचे रूप वापरते, पण कीर्तनाची टर उडवणे हा त्याचा हेतू नाही.

*दैवदुर्विलास* : निघाला एकासाठी आणि घडले भलतेच, ही घटना. विष्णुभटांचा सारा प्रवास यात मोडतो. तिला काळा विनोद व्हायला कोणीतरी तशा सुरात सांगणारा लागतो.

*बीभत्स थट्टा* : अपघात, बलात्कार, व्यंग, जात यांवर केवळ धक्का देण्यासाठी केलेली कोटी. हिला काळा विनोद म्हणून मान मिळवून देण्याचा प्रयत्न हल्ली फार होतो. या मुद्द्याकडे आता स्वतंत्रपणे पाहू.

९. मर्यादा आणि जबाबदारी

तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर रोज असे काही येत असेल, ज्याखाली 'डार्क ह्यूमर आहे, मनावर घेऊ नका' असे लिहिलेले असते. एखादी दुर्घटना झाली की तासाभरात तिच्यावर विनोद फिरू लागतात. हा सगळा काळा विनोद मानायचा का?

फ्रॉइडच्या कैद्याकडे परत चला. तो स्वतःच्या मरणावर बोलत होता. तेच वाक्य फाशी देणाऱ्याने म्हटले असते तर? शब्द तेच राहतात आणि विनोद नाहीसा होतो, क्रौर्य उरते. म्हणून पहिला प्रश्न : बोलणारा कोठे उभा आहे? गंगाधररावांचा किस्सा इंग्रज अधिकाऱ्याने सांगितला असता तर तो मांडलिकाचा अपमान ठरला असता.

मात्र केवळ 'ज्याचे दुःख त्यानेच हसावे' असा नियम केला तर स्विफ्ट आणि मंटो दोघेही अडचणीत येतील. स्विफ्टच्या घरची मुले उपाशी नव्हती आणि मंटो त्या विहिरीत पडला नव्हता. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो : हसल्यावर मेलेला माणूस अधिक दिसू लागतो की दिसेनासा होतो? स्विफ्ट वाचून उपाशी मूल डोळ्यांपुढून जात नाही. मंटो वाचून दंगल विसरता येत नाही. आळेकर पाहून घरच्या मृत्यूची आठवण निघते. थट्टेच्या संदेशात याच्या उलट घडते. माणूस पुसला जातो, कोटी उरते.

तिसरा प्रश्न : विनोद हसणाऱ्याला सुरक्षित ठेवतो का? चांगला काळा विनोद शेवटी हसणाऱ्याकडे वळतो. 'महानिर्वाण'चा प्रेक्षक चाळकऱ्यांना हसता हसता ओळखतो की तिरडीच्या वेळी आपणही घड्याळ पाहिले होते. ज्या विनोदात हसणारा नेहमीच सुटतो आणि दुसराच कोणी नेहमी मरतो, त्याला काळा म्हणण्याआधी थांबा.

१०. समारोप

काळा विनोद दुःख हलके करतो, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. तो दुःख सांगण्याजोगे करतो. शोकाची जी भाषा वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे, तिच्यातून मृत्यू निसटून जातो. 'दुःखद निधन', 'शोकाकुल वातावरण' हे शब्द वाचून कोणालाच काही होत नाही. तेथे लेखक बाजाराची, हिशेबाची, चाळीच्या जिन्यावरची भाषा आणतो आणि मृत्यू पुन्हा समोर उभा राहतो. विष्णुभटांनी हे न ठरवता केले, मंटोने आणि आळेकरांनी ठरवून केले. तिघांच्याही बाबतीत वाचकाचे काम एकच आहे : आपण नेमके कोणत्या शब्दाला हसलो ते शोधायचे आणि त्या शब्दापाशी थांबून मेलेल्या माणसाकडे पुन्हा एकदा पाहायचे.

सरावासाठी प्रश्न

१. 'काळा विनोद म्हणजे हेतुपूर्वक केलेला रसभंग होय.' हास्य, करुण आणि भयानक या रसांच्या आधारे चर्चा करा.

२. परिस्थितीतला काळा विनोद आणि लेखनातला काळा विनोद यांतील फरक 'माझा प्रवास' व 'सियाह हाशिये' यांच्या आधारे स्पष्ट करा.

३. 'महानिर्वाण' आणि 'घाशीराम कोतवाल' यांतील हास्याच्या लक्ष्याची तुलना करा.

४. मृत्यूशी संबंधित पाच म्हणी किंवा वाक्प्रचार तुमच्या बोलीतून जमवा. प्रत्येकात कोणाला हसले आहे, मेलेल्याला की जिवंताला, ते सांगा.

५. तुम्हाला अलीकडे आलेला एखादा 'काळा' विनोद घ्या आणि विभाग ९ मधील तीन प्रश्न त्याला लावून पाहा. तुमचा निष्कर्ष दहा ओळींत लिहा.